स्पॅमअसॅसिन की आरस्पॅमडी?

पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) असलेल्या मेल सर्व्हरवर स्पॅम गाळायला या दोन सॉफ्टवेअरपैकी कोणतं घ्यावं?

वेग: स्पॅमअसॅसिन पर्लमधलं, मेल वाढली की सीपीयू खातं. आरस्पॅमडी सीमधलं, चपळ. पण सोबत रेडिस (मेमरीतला डेटाबेस) सांभाळावं लागतं.

अडवणूक: स्पॅमअसॅसिन नुसते गुण देतं, ५ झाले की स्पॅम. मेल दारातच नाकारायची तर मिल्टर (पोस्टफिक्सला गाळणी जोडणारा दुवा) वेगळा जोडा. आरस्पॅमडी मूळ सेटिंगमध्ये ४ गुणांना ग्रेलिस्ट (मेल तात्पुरती परत, पुन्हा पाठवली की घेतं), ६ला हेडरमध्ये स्पॅमची खूण, १५ला नकार. ग्रेलिस्टमुळे ओटीपी उशिरा येतो, तक्रार ठरलेली!

गूगलचा सार्वजनिक डीएनएस दोन्हींना नको; स्पॅमहाउस (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या ठेवणारी संस्था) त्यावरून खरं उत्तर देत नाही. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवा.

मेलबॉक्सची मर्यादा दोघंही बघत नाहीत. ती डव्हकॉटकडे. त्याची कोटा-स्टेटस सेवा (खातं भरलंय का ते सांगणारी) पोस्टफिक्सला आरसीपीटीच्या टप्प्यावर (मेल घेण्याआधी, कोणाला ते सांगितलं जातं तेव्हा) जोडा, नाहीतर भरलेल्या खात्यांचे बाउन्स (मेल न पोचल्याचे निरोप) भलत्याच पत्त्यांवर जातात.

मोजकी खाती, जमलेले जुने नियम: स्पॅमअसॅसिन राहू द्या. नवा किंवा गर्दीचा सर्व्हर: आरस्पॅमडी.