पॉप-पंककडे वळलेले दोन अल्बम

रॅपर मशीन गन केलीचा ‘टिकेट्स टू माय डाउनफॉल’ (२०२०) आणि आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) या भावपूर्ण, लयप्रधान शैलीकडून आलेल्या गायिका विलोचा ‘लेटली आय फील एव्हरीथिंग’ (२०२१) या दोन्ही अल्बममध्ये ब्लिंक-१८२ या पॉप-पंक (वेगवान, गिटारप्रधान पण सुरेल रॉक) बँडचा ट्रॅव्हिस बार्कर ड्रम वाजवतो. मात्र केलीच्या अल्बमचा तो प्रमुख निर्माताही असल्यामुळे तिथे घोटीव, सहज गुणगुणता येणारी ध्रुवपदे मिळतात आणि तो अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकी अल्बम-क्रमवारीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. विलोची अकरा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. ‘ट्रान्सपरंट सोल’मध्ये गिटारच्या खरखरीवर तिचा आवाज चिडका होत चढत जातो, आणि हा खडबडीतपणाच (विशीतल्या गायिकेला तो शोभतोही) मला अधिक अस्सल वाटतो. चालींसाठी मात्र केलीच ऐकावा.