वादळरोधक प्रमाणपत्र, घराचा विमा आणि माझे ४३,७८० रुपये

मानेवाडा भागातील एका ले-आऊटमध्ये माझे तळमजला आणि वर एक मजला असे घर आहे. उन्हाचा ताप थोडा कमी व्हावा म्हणून गच्चीवर लोखंडी पाईपच्या सांगाड्यावर टिनाची शेड टाकलेली होती. नागपुरात अशा शेडी गल्लोगल्ली दिसतात, आणि मे महिन्यात पारा चढल्यावर एखाद्या संध्याकाळी वादळ उठले की कोणाची तरी टिना उडाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळतेच. मी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे, घरात एकटी राहते, आणि हे घर एवढीच माझी मोठी मालमत्ता आहे. माझ्याकडून जे पैसे घेतले गेले ते याच काळजीच्या बळावर घेतले गेले, आणि तीच काळजी असणारी अनेक घरे शहरात असल्यामुळे मी हा सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठावरील वस्त्यांमध्ये पाणी शिरले. आमच्या भागापर्यंत ते पाणी आले नव्हते. परंतु ओळखीच्या दोन कुटुंबांचे फर्निचर, फ्रिज, मुलांची पुस्तके असे सगळे चिखलात गेलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. त्यानंतर साधारण महिनाभराने, ऑक्टोबरमध्ये, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण माझ्या फाटकाशी आला. आपण विमा कंपनीचे ‘सर्व्हेअर’ आहोत, असे त्याने सांगितले. बोलणे आदबीचे होते. गच्चीवर जाऊन त्याने शेडचे मोजमाप घेतले, फोटो काढले आणि खाली येऊन म्हणाला, ‘‘काकू, घराचा विमा सरकारी दराने वर्षाला ९,६०० रुपये पडते. पण तुमची शेड वादळरोधक करून घेतली तर प्रमाणपत्र मिळते, आणि त्याच्यावर चाळीस टक्के सूट. रेट आता वाढूनच राहिले आहेत, दिवाळीच्या आधी करून घ्या.’’

त्याने एक रंगीत तक्ता दाखवला. छत भिंतीला कसे जोडलेले आहे, छताचा आकार कोणता आहे, खिडक्यांना संरक्षक झडपा आहेत की नाहीत, अशा प्रत्येक बाबीसमोर सवलतीची टक्केवारी छापलेली होती. तक्ता इतका नेटका होता की तो खोटा असेल अशी शंका मला आली नाही. एका अर्थाने तो खोटा नव्हताही, पण तो आपल्याकडचा नव्हता. माझा भाचा अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात राहतो. पुढे मी त्या तक्त्याचा फोटो त्याला पाठवला, तेव्हा त्याने असे तक्ते तिकडे नेहमीचे असल्याचे सांगितले. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडात हजारो घरे उद्ध्वस्त केली, आणि त्यानंतरच्या काळात तेथे बांधकामाचे नियम कडक झाले. वाऱ्याला तोंड देईल असे बांधकाम असलेल्या घरमालकाला विमा हप्त्यात सवलत देणे तेथे कंपन्यांना कायद्यानेच भाग आहे. त्यासाठी पात्र निरीक्षक घर तपासून ठरावीक नमुन्यात अहवाल देतो. तेथेही ही सवलत संपूर्ण हप्त्यावर मिळत नाही, हप्त्यातील वाऱ्याच्या जोखमीपुरत्या भागावरच मिळते. फ्लोरिडातील हप्ते वर्षाला हजारो डॉलरच्या घरात असल्यामुळे लोकांनी छत मजबूत करण्यावर खर्च करणे तेथे हिशेबात बसते. त्या राज्याचा कागद मानेवाड्यातील माझ्या टिनाच्या शेडला लावला गेला होता.

मी त्याला तीन वेळा पैसे दिले. तपासणीचे शुल्क म्हणून ४,५०० रुपये, शेड धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवणे आणि प्रमाणपत्र यांसाठी २२,००० रुपये, आणि सवलतीनंतरच्या ५,७६० रुपये दराने तीन वर्षांच्या विम्याचे १७,२८० रुपये. एकूण ४३,७८० रुपये झाले. तिन्ही वेळा रक्कम यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेली. कंपनीच्या नावाने धनादेश देते, असे मी म्हटले होते. त्यावर धनादेश वटायला वेळ लागेल आणि जुना दर निघून जाईल, असे त्याने सांगितले, आणि मी ते मान्य केले. आज मागे वळून पाहताना, मी थांबायला हवे होते ती जागा हीच होती असे मला वाटते.

दोन कामगार येऊन अर्ध्या दिवसात चकचकीत पट्ट्या बसवून गेले. आठवडाभराने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्र आणि पॉलिसीची छापील प्रत मिळाली. इमारतीसाठी ३२ लाख रुपये विमा रक्कम, मुदत तीन वर्षे, आणि ‘खास भेट’ म्हणून घरातील सामानालाही संरक्षण, असे त्या प्रतीवर होते. मी फोल्डर कपाटात ठेवला. कंपनीकडून एकही एसएमएस किंवा ई-मेल आला नाही, याकडे माझे लक्ष गेले नाही.

मे २०२४ मधील एका संध्याकाळी वादळ आले आणि शेडचा पश्चिमेकडील अर्धा भाग पाईपांसकट उचलला गेला. तीन टिना शेजारच्या अंगणात जाऊन पडल्या. त्या अंगणात लहान मुले नेहमी सायकली चालवतात. त्या वेळी तेथे कोणी नव्हते, हे केवळ सुदैव. दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला फोन केला, तर क्रमांक बंद होता. मग पॉलिसीवर छापलेल्या कंपनीच्या क्रमांकावर फोन केला. पॉलिसी क्रमांक खरा होता. परंतु त्या क्रमांकावर कंपनीकडे नोंदलेला विमा फक्त घरातील सामानाचा होता, रक्कम तीन लाख रुपये, मुदत एक वर्ष, आणि हप्ता पाचशे रुपयांच्या आतला. इमारतीचा विमा काढलेलाच नव्हता. नोंदलेला मोबाईल क्रमांक आणि ई-मेलही माझा नव्हता. म्हणजे खऱ्या पॉलिसीची संगणकावरील प्रत घेऊन तिच्यातील रक्कम, मुदत आणि वर्णन बदलण्यात आले होते, आणि कंपनीकडून येणारे प्रत्येक पत्र त्या माणसाकडेच जावे अशी व्यवस्था केली होती.

माझा एक जुना विद्यार्थी स्थापत्य अभियंता आहे. तो गच्ची पाहायला आला. उरलेल्या शेडवरची एक पट्टी त्याने स्क्रू काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘‘बाई, ही पट्टी टिनालाच लावली आहे, खालच्या पर्लिनला नाही.’’ पर्लिन म्हणजे टिना ज्यांवर बसवतात ते आडवे लोखंडी पाईप. त्याने मला समजावून सांगितले ते मी येथे सविस्तर देते, कारण शेड असलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. वारा शेडला केवळ ढकलत नाही. छताच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर तो वरच्या बाजूने जोराने ओढतो, आणि खालून मोकळी असलेली शेड आतून वर ढकललीही जाते. ही ओढ टिनाकडून स्क्रूकडे, स्क्रूकडून पर्लिनकडे, पर्लिनकडून खांबाकडे आणि खांबाकडून खालच्या काँक्रीटकडे गेली पाहिजे. या साखळीतील एक जोड कच्चा असला तर बाकीचे सगळे मजबूत असूनही शेड उडते. माझ्या शेडचे खांब गच्चीच्या विटांच्या कठड्यात खोचलेले होते, स्लॅबमध्ये बसवलेले नव्हते. वादळाने कठड्याच्या विटा उपटूनच खांब वर नेले. २२,००० रुपयांच्या पट्ट्यांनी त्या कच्च्या जागेला हातसुद्धा लावला नव्हता.

प्रमाणपत्राविषयी त्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. त्यावर ‘वादळ झोन ५ साठी योग्य, २५० किमी प्रतितास’ असे ठळक अक्षरांत होते. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरला जातो, आणि २०१५ च्या आवृत्तीत नागपूरसाठी पायाभूत वेग ४४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरलेला आहे. ‘झोन ५’ हा शब्द भूकंपाच्या नकाशातून उचललेला होता. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नव्हता, गणिताची एकही ओळ नव्हती, आणि खांबांच्या पायाचा उल्लेखही नव्हता.

त्यानंतर मी विम्याचे कागद स्वतः बसून वाचले. मला सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकेक करून चुकीची निघाली. ‘सरकारी दर’ असे काही नाही. आगीच्या विम्याचे दर ठरवून देण्याची पद्धत १ जानेवारी २००७ पासून बंद झाली आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपले दर ठरवते. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू आहे. तिच्यात आग, वीज, वादळ, चक्रीवादळ, पूर आणि भूकंप ही संकटे मुळातच समाविष्ट असतात, त्यामुळे वादळासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इमारतीचा विमा काढला की तिच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांच्या मर्यादेत, सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. ज्याला त्या माणसाने ‘खास भेट’ म्हटले होते तो प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे. विमा रक्कम जागेच्या बाजारभावावर ठरत नाही. घराचे चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च, असा तिचा साधा हिशेब आहे.

सर्व्हेअरबद्दलही माझा गैरसमज होता. सर्व्हेअर नुकसान झाल्यानंतर येतो, त्याची नेमणूक विमा कंपनी करते आणि त्याचे शुल्कही कंपनीच देते. घरोघरी जाऊन विमा विकणे हे त्याचे काम नव्हे. सूट देण्याविषयी विमा कायदा, १९३८ मधील कलम ४१ स्पष्ट आहे: कंपनीने प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रकात किंवा दरपत्रकात नसलेली कोणतीही सवलत विमा घ्यायला लावण्यासाठी देऊ करता येत नाही. हे कलम सहसा प्रस्तावपत्रावर छापलेले असते. मला प्रस्तावपत्र दाखवलेच गेले नव्हते, फक्त एका कोऱ्या कागदावर सही घेतली होती. त्याच कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता कंपनीला मिळाल्याशिवाय विम्याचे संरक्षण सुरू होत नाही, म्हणून पैसे कोणाच्या नावावर जातात हा प्रश्न क्षुल्लक नाही.

पण मला सर्वांत जास्त लागले ते गणित. जुलै २०२४ मध्ये मी कंपनीच्या कार्यालयात जाऊन स्वतः विमा काढला. १,१०० चौरस फूट चटई क्षेत्र, १,८०० रुपये दराने १९ लाख ८० हजार रुपये विमा रक्कम. १८ टक्के जीएसटी धरून वर्षाचा हप्ता साधारण ११०० रुपये आला. मला ९,६०० हा आकडा आधी सांगितला गेला आणि मग त्यावर सूट दाखवली गेली. मूळ हप्ता किती, हे मी दुसऱ्या कोणाला विचारलेच नाही. समजा, ती चाळीस टक्क्यांची सूट खरी असती, तरी वर्षाला ४४० रुपये वाचले असते, आणि तपासणी व पट्ट्यांवर गेलेले २६,५०० रुपये भरून निघायला साठ वर्षे लागली असती. मी आज ६४ वर्षांची आहे. हे गणित मी वर्गात मुलांना दहा मिनिटांत सोडवायला दिले असते. कार्यालयातील अधिकाऱ्याला मी मुद्दाम विचारले, तेव्हा वादळरोधक छतासाठी त्यांच्या घराच्या विम्यात कोणतीही सवलत नाही, असे त्याने सांगितले.

तक्रारी केल्या आहेत. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद. कंपनीने नोंदीतील मोबाईल क्रमांक दुरुस्त केला; बाकीची रक्कम तिच्याकडे कधी आलीच नसल्यामुळे ती परत करण्याचा प्रश्न तिच्यासमोर नव्हता. १९३० या सायबर हेल्पलाईनवर मी फोन केला तेव्हा सात महिने उलटून गेले होते. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत हा क्रमांक लावला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. ज्यांचा व्यवहार ताजा आहे त्यांनी माझ्यासारखी वाट पाहू नये. एजंटचा परवाना खरा आहे का, हे प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर विचारता येते, आणि हातात आलेली पॉलिसी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा शाखेत दाखवून त्यातील विमा रक्कम, मुदत आणि स्वतःचा मोबाईल क्रमांक जुळवून पाहता येतो. शाखेतील हे काम पंधरा मिनिटांचे आहे.

शेड आता नव्याने बांधली आहे. खांबांच्या बेस प्लेट अँकर बोल्टने स्लॅबमध्ये बसवल्या आहेत, आणि कडेच्या टिनांना मधल्यापेक्षा कमी अंतरावर स्क्रू घेतले आहेत. त्याला जो खर्च आला तो मी सवलतीसाठी केला नाही, शेजारच्या अंगणातील मुलांसाठी केला. नव्या प्रस्तावात गच्चीवरील शेडचा वेगळा उल्लेख करून घेतला आणि त्याची शिक्का मारलेली प्रत घेतली.

आमच्याच ले-आऊटमधील आणखी दोन घरांवर मला तशाच चकचकीत पट्ट्या दिसल्या. मी दोन्ही घरी जाऊन आले. एका ठिकाणी पॉलिसीची प्रत माझ्यासारखीच बदललेली निघाली, दुसऱ्या ठिकाणी तर त्या क्रमांकाची पॉलिसीच अस्तित्वात नव्हती. नागपुरात इतर कोणाच्या गच्चीवर अशा पट्ट्या बसवल्या गेल्या असतील, तर त्यांनी एप्रिल उजाडण्यापूर्वी ओळखीच्या फॅब्रिकेटरला वर चढवून एक स्क्रू काढून पाहावा, तो पर्लिनपर्यंत पोहोचला आहे की नुसत्या टिनात अडकला आहे, आणि खांब स्लॅबमध्ये आहेत की कठड्यात, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.