स्पिनरबेटचा ट्रेलर: आधी पातं बघा, मग पाकीट उचला

स्पिनरबेट म्हणजे बास मासा गरवायचं आमिष: वाकवलेल्या तारेच्या वरच्या टोकाला फिरणारं पातं, खालच्या टोकाला वजनाचं डोकं, गरी आणि गरीभोवती धाग्यांची झालर. दुकानात ते निवडताना पातं पाहिलं जातं, झालरीचा रंग पाहिला जातो, ट्रेलर मात्र पेटीत जो हाताला लागेल तो चढतो. मग आमिष एका कुशीवर कलून पोहायला लागतं, मासा शेपटीचा तुकडा तोडून नेतो आणि दोष स्पिनरबेटला दिला जातो. ट्रेलर म्हणजे झालरीच्या आतून गरीवर चढवायचा मऊ प्लॅस्टिकचा जोड, लांबी साधारण तीन ते पाच इंच. तो पात्यावरून ठरवायचा असतो. एवढं धरून चाललं की अमेरिकेतल्या दुकानांत भिंतभर टांगलेल्या पाकिटांपैकी पाच-सहाच कामाची उरतात. इथे त्यांचाच विचार केला आहे. न्यू जर्सीत लेक हॉपॅटकाँगला जाणारे किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून सॅक्रामेंटो-सॅन वाकीन डेल्टावर गरवायला उतरणारे मराठी लोक आता कमी नाहीत, त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

स्पिनरबेटमध्ये मुख्य हालचाल पात्याची असते. विलो पातं लांबट आणि टोकदार. ते अरुंद घेरात फिरतं, चमक भरपूर देतं आणि पाण्याला धक्का कमी देतं, त्यामुळे वेगात ओढलं तरी आमिष खाली राहतं. कोलोरॅडो गोल आणि खोलगट. त्याचा घेर मोठा, दणका रॉडच्या मुठीपर्यंत जाणवतो आणि ते आमिषाला वर उचलतं. इंडियाना या दोघांच्या मधलं. ट्रेलरमुळे यात तीन फरक पडतात: आमिष मोठं दिसतं, बुडण्याचा वेग कमी होतो आणि फेकायला वजन मिळतं. त्याची स्वतःची शेपटी हलणं ही चौथी गोष्ट. लोक पैसे नेमके तिच्यासाठी मोजतात आणि गडबड बहुतेक वेळा तिच्यामुळेच होते. जाड पॅडलटेल (टोकाला वल्ह्यासारखी चपटी शेपूट असलेला ट्रेलर) डोक्याला डावी-उजवीकडे झोके देते, वर तारेला पातं वेगळ्याच लयीत फिरत असतं, आणि ३/८ औंसाचं, म्हणजे जेमतेम साडेदहा ग्रॅमचं डोकं दोन्ही ओढ पेलू शकत नाही. आमिष कलतं, पात्याची लय तुटते.

म्हणून पहिलं पाकीट घ्यायचं ते झूमच्या स्प्लिट टेल ट्रेलरचं. झूम ही जॉर्जिया राज्यातली कंपनी. हा ट्रेलर दिसायला अगदी साधा आहे: पुढे जाडसर अंग, मागे पातळ होत गेलेले दोन पाय. जोरात हलणारं यात काही नाही, आणि याचा मोठेपणा त्यातच आहे. पात्याच्या लयीच्या आड तो येत नाही. झालरीच्या मागे दोन पाय लवलवत राहतात, वेग कमी केला की जरा पसरतात, वाढवला की मिटतात. पाय गरीच्या डाव्या-उजव्या बाजूला येतील असा चढवला तर मागे जास्तीची गरी लावायलाही जागा मोकळी राहते. ३/८ आणि १/२ औंसाच्या, पुढे छोटं कोलोरॅडो आणि मागे विलो अशा नेहमीच्या जोडपातीच्या स्पिनरबेटला यापेक्षा चांगला आणि स्वस्त ट्रेलर शोधायची गरज नाही. पांढरा आणि शार्त्रूज, म्हणजे झळाळता पोपटी-पिवळा, हे दोन रंग घेतले की बहुतेक दिवस भागतात.

दुसरं पाकीटही झूमचंच, सुपर फ्लूक ज्युनिअर. चार इंची, सडपातळ, शेपटीला दुभंग. दुहेरी विलो आणि नितळ पाणी असेल तर स्प्लिट टेलपेक्षा हा सरस. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या तलावांत बासचं मुख्य खाणं म्हणजे शॅड मासा, आणि झालरीतून डोकावणारं फ्लूकचं अंग थेट शॅडसारखं दिसतं. वसंताच्या अखेरीस पाणी साधारण ६५ ते ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे १८ ते २१ सेल्सिअस झालं की शॅड पहाटे काठाला येऊन अंडी घालतो. तेव्हा अलाबामातल्या गंटर्सव्हिलसारख्या तलावावर पांढरं दुहेरी विलो आणि मागे मोतिया रंगाचा फ्लूक ही जोडी जवळ असायलाच हवी. फक्त तो जसाच्या तसा लावू नये. झालरीबाहेर इंचभराहून जास्त अंग लोंबलं तर मासा शेपूट धरतो आणि गरी तोंडात जातच नाही. पुढून अर्धा ते पाऊण इंच कापावं. कापायचं ते नाकाकडून. शेपटीकडून कापलं तर दुभंगच निघून जातो.

केटेक या जपानी कंपनीचा स्विंग इम्पॅक्ट फॅट हा या यादीतला सर्वांत नावाजलेला आणि सर्वांत चुकीच्या जागी वापरला जाणारा ट्रेलर. प्लॅस्टिक अतिशय मऊ, अंगाला वळ्या, शेपूट अगदी संथ ओढीतही हलते. ३.३ इंची १/२ औंसाला आणि ३.८ इंची ३/४ औंसाला शोभतो. ३/८ औंसावर ३.८ इंची चढवणं ही नेहमीची चूक. पाणी गार, मासा सुस्त आणि आमिष तळालगत हळूहळू आणायचं असेल तेव्हा याच्या शेपटीची खरी किंमत कळते. वेगाने ओढायच्या दुहेरी विलोमागे तो वाया जातो. दोन उणिवा आधीच माहीत असाव्यात. मऊपणामुळे गरी जिथून बाहेर येते तिथली वळी फाटते, आणि दोन-तीन माशांनंतर नाक डोक्यापासून सुटून खाली सरकतं. शिवाय पाकिटात ३.३ चे ७ आणि ३.८ चे ६ नग येतात, किंमत मात्र झूमपेक्षा चढी. गोंद न लावता हा ट्रेलर वापरू नये.

दातवाले मासे असलेल्या पाण्यात केटेक नेऊच नये. हॉपॅटकाँगमध्ये चेन पिकरेल आहे, उत्तरेकडच्या तलावांत नॉर्दर्न पाइक. हे मासे एका दणक्यात शेपूट कापून नेतात. तिथे झी-मॅन कंपनीचा चार इंची डीझल मिनोझ. त्याचं इलाझटेक हे प्लॅस्टिक रबरासारखं ताणतं आणि सहजी तुटत नाही, एकच नग बरेच दिवस पुरतो. ते पाण्यावर तरंगतं, त्यामुळे आमिष आणखी सावकाश बुडतं. पाणवनस्पतींच्या माथ्यावरून ओढताना याचा फायदा, खोलात तळ गाठायचा असेल तर तोटा. पण हे गरीवर चढवणं जिकिरीचं आहे. अंग ताणून पुन्हा आखडतं, गरीची दिशा चुकते, आणि निसरडेपणामुळे गरीच्या दांड्यावरच्या साध्या काट्यावर ते टिकत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे दुसऱ्या कुठल्याही मऊ प्लॅस्टिकबरोबर एका कप्प्यात ठेवू नये. दोन्ही एकमेकांना लागून वितळतात आणि सकाळी पेटीत चिकट लगदा सापडतो. ते मूळ पाकिटातच राहू द्यावं.

एकेरी मोठं कोलोरॅडो आणि पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली, असा मामला असेल तर यामामोटो कंपनीचा पाच इंची, एका शेपटीचा ग्रब, म्हणजे अळीसारखा ट्रेलर. त्याची वळलेली पातळ शेपूट जवळजवळ थांबलेल्या आमिषामागेही सळसळते आणि पॅडलटेलसारखे झोके देत नाही. शेपटीचं वळण खाली राहील असा चढवावा. वर राहिलं तर फेकताना ती गरीला वेढा घालते. यामामोटोच्या प्लॅस्टिकमध्ये मीठ भरपूर असतं. त्यामुळे ते वजनदार आणि माशाला चवदार, पण लवकर फाटणारं.

रात्रीच्या मासेमारीचा प्रकार निराळाच. टेनेसीच्या डेल हॉलोसारख्या खोल, नितळ तलावांत उन्हाळ्यातल्या रात्री आखूड तारेचं, एकच मोठं कोलोरॅडो असलेलं काळं स्पिनरबेट तळाशी सोडत स्मॉलमाउथ, म्हणजे लहान तोंडाचा बास, पकडतात. पूर्वी त्याला डुकराच्या कातडीचा ट्रेलर लावत. अंकल जॉश या कंपनीने तो बनवणं थांबवलं, आणि जुन्या मंडळींना त्याची हळहळ वाटते ती रास्त आहे: तो फाटत नसे आणि गार पाण्यातही लवचीक राही. आता त्या जागी स्ट्राइक किंग कंपनीचा रेज क्रॉ चालतो. त्याच्या दोन नांग्या बुडताना फडफडतात आणि पडण्याचा वेग आवरतात. काळा किंवा काळा-निळा घ्यावा. दिवसा, वेगाने ओढायच्या स्पिनरबेटवर याच नांग्या आमिषाला पृष्ठभागावर आणून सोडतात, तिथे त्याचं काम नाही.

आता चढवण्याची रीत, कारण चांगला ट्रेलर वाकडा चढवला की सगळी निवड फुकट. झालर डोक्याकडे उलटी करून धरावी. ट्रेलर गरीच्या शेजारी ठेवावा, नाक डोक्याच्या मागच्या कडेला टेकवावं आणि गरीचा बाक जिथे सुरू होतो तिथे नखाने खूण करावी. गरीचं टोक नाकाच्या बरोबर मध्यातून आत घालावं, ट्रेलर सरळ ठेवून गरीवरून पुढे सरकवावा आणि खुणेवर पाठीच्या मध्यातून टोक बाहेर काढावं. बरेच जण खुणेच्या पलीकडे टोक काढतात, मग ट्रेलर गोळा होऊन कुबड येतं. अलीकडे काढलं तर ताणला जातो आणि सुटतो. नाक डोक्याला भिडायला पाव इंच उरलं की गरीच्या दांड्यावर जेलसारखा सुपरग्लू एक थेंब लावून ट्रेलर शेवटपर्यंत दाबावा आणि दहा-पंधरा सेकंद धरून ठेवावा. पातळ गोंद नको. तो झालरीच्या धाग्यांत शिरतो, धागे कडक होतात आणि झालर फुलत नाही.

जास्तीची गरी लावायची असेल तर ट्रेलर आधी, गरी नंतर. मुख्य गरी ४/० किंवा ५/० असेल तर मागची १/० किंवा २/० पुरते. तिच्या भोकावर रबरी नळीचा छोटा तुकडा चढवून त्यातून मुख्य गरीचं टोक पार करावं म्हणजे ती घसरत नाही. टोक मुख्य गरीसारखंच वर. ती प्लॅस्टिकमध्ये रुतता कामा नये, रुतली की शेपूट मेली. पॅडलटेलबरोबर हे फार होतं, स्प्लिट टेलबरोबर क्वचित. दाट हायड्रिला या पाणवनस्पतीत मागची गरी काढूनच टाकावी.

मग तपासणी. फेकण्याआधी होडीच्या किंवा धक्क्याच्या कडेने आमिष दोन-तीन मीटर ओढून बघावं, ज्या वेगाने मासेमारी करायची त्याच वेगाने. वरची तार सरळ वर उभी राहायला हवी. ती कलली तर ट्रेलर काढून पुन्हा ओढावं. आता सरळ आली तर ट्रेलर वाकडा आहे किंवा डोक्याच्या मानाने जड. तरीही कललेलीच असेल तर तार वाकली आहे. समोरून पाहून वरची तार गरीच्या रेषेत आणावी. आधी तार वाकवत बसू नये, नाहीतर वाकड्या ट्रेलरसाठी सरळ तार बिघडते.

रंगाबद्दल फार खल करण्याची गरज नाही. नितळ पाण्यात ट्रेलर झालरीच्याच रंगाचा किंवा किंचित फिका, म्हणजे दोन्ही मिळून एकच मासा दिसतो. हात कोपरापर्यंत बुडवला आणि बोटं दिसली नाहीत इतकं गढूळ असेल तर पांढऱ्या झालरीमागे शार्त्रूज ट्रेलर, किंवा पांढऱ्या ट्रेलरचं शेपूट शार्त्रूज रंगात बुडवून. हा रंग हाताला आणि होडीच्या गालिच्याला लागला की निघत नाही.

पाकिटं उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. प्लॅस्टिक मऊ होतं आणि दुमडलेली शेपूट तशीच राहते. अशी शेपूट उकळून किंचित निवलेल्या पाण्यात काही सेकंद धरावी, सरळ करावी आणि लगेच गार पाण्यात सोडावी. पॅडलटेलची वाकडी शेपूट सरळ न करता वापरली तर आमिष हमखास गिरक्या घेतं. फाटके तुकडे पाण्यात टाकू नयेत. मासे ते गिळतात आणि ते पोटात फुगतात.

काही वेळा ट्रेलर नकोच असतो. वारा सुटलेला, पाणी नितळ, आणि सेंट लॉरेन्स नदीसारख्या ठिकाणी स्मॉलमाउथसाठी आमिष भन्नाट वेगाने ओढायचं, तेव्हा ट्रेलरच्या उचलीमुळे पाती पाण्याबाहेर फुटतात. पाणी फार गार नसताना मासे धडका देतात पण लागत नाहीत, तेव्हाही तसंच: आधी नाकाकडून अर्धा इंच कापून बघावं, तरी शेपटीवरच दात उमटत असतील तर ट्रेलर उतरवावा आणि झालर गरीच्या बाकापलीकडे अर्धा इंच राहील एवढी कातरून त्याच जागी पुन्हा फेकावं.