‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एका पतसंस्थेच्या कामकाजासाठी आम्ही चालवत असलेले वेब ॲप्लिकेशन जँगो (पायथन भाषेतली वेब चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर उभे आहे. महिनाअखेरीस खात्यांची यादी उघडायला इतका वेळ लागे की काउंटरवरचे कर्मचारी ती येईपर्यंत पासबुके छापून घेत. आधी आम्ही सर्व्हरची रॅम वाढवून पाहिली. त्याने काहीच फरक पडला नाही, तेव्हा अंदाजपंचे उपाय थांबवून मोजमाप करायचे ठरवले.

त्यासाठी ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ वापरले. डेटाबेसला पाठवलेल्या प्रत्येक क्वेरीचा, म्हणजे माहितीच्या मागणीचा, हिशेब ठेवणारे हे एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) पोस्टग्रेससोबतच मिळते. मात्र ते सुरू करताना डेटाबेस सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो. क्वेरीतले प्रत्यक्ष आकडे बाजूला काढून ते केवळ तिचा साचा ठेवते आणि तो साचा किती वेळा चालला व त्यात एकूण किती मिलिसेकंद गेले, हे नोंदवत जाते.

सुरुवातीला मी सरासरी वेळेनुसार क्रम लावला आणि वर आलेल्या वार्षिक अहवालाच्या क्वेरीवर पुष्कळ श्रम घेतले. पण तो अहवाल क्वचितच निघत असल्यामुळे काउंटरवर कुणालाच दिलासा मिळाला नाही. एकूण वेळेनुसार क्रम लावल्यावर वर आली ती शाखेचे नाव आणणारी, एक मिलिसेकंदही न घेणारी क्वेरी. यादीतल्या प्रत्येक खात्यासाठी टेम्प्लेट (पानाचा आराखडा) ती स्वतंत्रपणे चालवत होते, म्हणजे ५० खात्यांच्या पानाला ५१ क्वेरी. संबंधित टेबलमधली माहिती एकत्रच आणणारी जँगोची ‘सिलेक्ट रिलेटेड’ सोय लावताच त्यांची एकच क्वेरी झाली. प्रत्यक्ष फायदा तक्त्यावरून वाटला होता त्याहूनही मोठा निघाला, कारण ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यातल्या नेटवर्कवरच्या हेलपाट्यांचा वेळ हे साधन मोजतच नाही.

दुसरे दुखणे व्यवहारांच्या टेबलमध्ये सापडले. ते जुन्या प्रणालीतून थेट एसक्यूएलने आणलेले होते आणि पोस्टग्रेस फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीकडे बोट दाखवणारा दुवा) असलेल्या कॉलमवर आपणहून इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) बांधत नाही. क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली हे दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’मध्ये सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खे टेबल ओळीने वाचणे, स्पष्ट दिसला. नव्या नोंदी अडू नयेत म्हणून इंडेक्स ‘कन्करंटली’, म्हणजे काम चालू ठेवूनच, बांधला.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आकडे शेवटच्या रीसेटपासून साचत जातात, त्यामुळे कालची आणि आजची तुलना हवी असेल तर रोज रात्री त्यांची प्रत वेगळ्या टेबलमध्ये ठेवावी लागते. ही व्यवस्था आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवी होती. लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्या कामाने अडवून ठेवलेली नोंद मोकळी होण्यासाठी, थांबलेला वेळही क्वेरीच्याच नावावर पडतो. एकदा साधी अपडेट क्वेरी यादीत वर आली, तेव्हा खरे कारण दुसरीकडे उघडे राहिलेले ट्रान्झॅक्शन (पूर्ण न झालेला बदलांचा संच) होते. शिवाय आवृत्ती १३ पासून कॉलमची नावे बदलल्यामुळे जुन्या लेखांतल्या क्वेरी जशाच्या तशा चालत नाहीत.

व्याज आकारणीचे पान अजून संथ आहे. त्याच्या क्वेरी तक्त्यात अगदी तळाला दिसतात, म्हणजे वेळ बहुधा पायथनमध्येच जातो आहे. म्हणून पायथन प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते दाखवणारे आणि चालू प्रोसेस रीस्टार्ट न करता जोडता येणारे ‘पाय-स्पाय’ या आठवड्यापासून लावले आहे.