काळा डबा, नऊ महिन्यांनंतर

फोंड्याला आमच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची, कोरलची (प्रवाळांची) दोन फुटी टाकी आहे, साधारण शंभर लिटरची. जानेवारीत तिच्यावर बिननावाचा काळा एलईडी दिव्यांचा डबा टांगला. आठ हजारांच्या आत पडला. नावाला १६५ वॅट, म्हणजे ३ वॅटचे ५५ एलईडी. प्रत्यक्षात तेवढी वीज तो ओढत नाही. निळ्याला एक बटण, पांढऱ्याला एक. बाकी काही नाही.

पहिली चूक माझीच. दोन्ही बटणं पूर्ण फिरवली, कारण टाकी काय झकास दिसत होती! चौथ्या दिवशी झोआंनी (फुलांसारखी तोंडं असलेले मऊ प्रवाळ) तोंडं मिटली ती मिटलीच, आणि लाल मश्रूम, तोही मऊ प्रवाळच, आमसुलासारखा आक्रसला. मी आपला पाणी तपासत बसलो. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, नायट्रेटही ठीक. मग डोक्यात प्रकाश पडला: निळा ३५ टक्क्यांवर आणला, पांढरा जेमतेम १०, आणि डबा पाण्यापासून फूटभर वर घेतला. आठवड्याभरात मश्रूम पसरला. पुढे निळा पाच-पाच टक्क्यांनी वाढवत ५० वर थांबलो. रोज आठ तास, टायमरवर. मश्रूम मात्र दगडाच्या सावलीतच खूश. उलट झोआचा एक तुकडा सावलीत राहिला होता, त्याने प्रकाशासाठी मान लांबलचक केली.

फोनवरच्या लक्स ॲपच्या नादी लागू नका. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, त्यात निळ्याला फारशी किंमत नाही. आणि कोरलच्या आतल्या शेवाळाला तर निळाच जास्त उपयोगी. शेवाळाच्या कामाचा प्रकाश मोजतो तो पार मीटर, पण चांगला मीटर या डब्याहून महाग.

दुकानदार म्हणाला, ‘यावर हार्ड कोरल नाही जगणार हां.’ नको जगू दे. हार्ड कोरल म्हणजे दगडी प्रवाळ, ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरात ठेवायचे कशाला? झोआ, मश्रूम, लेदर असल्या मऊ प्रवाळांवर भागवायचं तर महागडा विलायती लाईट उगाच.

खरा त्रास उकाड्याचा. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं. काठावर क्लिपचा पंखा लावला, दोनेक अंश उतरले, पण रोज लिटरभर पाणी उडायचं. भर साधं आरओचंच घालायची, खारं नव्हे. पावसाळ्यात दमट हवेत त्याच पंख्याचा उपयोग निम्मा झाला. नशीब, तेव्हा हवाच गार होती.

आणि मीठ! जुलैत डब्याचा एक फॅन घरघरायला लागला. उघडला तर जाळीवर मिठाची पापुद्री. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा फॅन आणून बसवला. आता दर रविवारी ओल्या फडक्याने पुसतो, आधी प्लग काढून.

चवथीला पाच दिवस गावच्या घरी होतो. परतलो तर लेदर मिटलेला, अंगावर मेणचट साय. बायको म्हणाली, ‘गेला हो तुमचा.’ गेला नव्हता, कात टाकत होता. तिसऱ्या दिवशी साय सुटली. झोआंची तोंडं बारावरून चौतीस झालीत. दुसरा फॅनही परवापासून किंचित कुरकुरतोय.