स्टेरॉइड सोडवणारं चूर्ण

मला पेम्फिगस आहे. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या कातडीवर उलटते, अंगावर आणि तोंडात फोड येतात, फुटतात, जखमा होतात. 2023 च्या जानेवारीत निदान झालं तेव्हा मऊ भात गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. प्रेडनिसोलोन नावाची स्टेरॉइडची गोळी 60 मिलिग्रॅमने सुरू झाली आणि दीड महिन्यात मी ठेचा-भाकरी खाल्ली. स्टेरॉइडला शिव्या घालणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण आरशाचं काय करायचं? चेहरा गरगरीत गोल झाला. वर्गातली पोरं विचारायची, "बाई, दाढ दुखतेय का?" शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "बाळसं धरलंस गं!" रात्री दोन वाजता भुकेनं जाग यायची आणि मी अंधारात ओट्याशी उभी राहून शिळी भाकरी खायची. हाताला जरा कुठे लागलं की निळा डाग. सकाळी उपाशीपोटी साखर बरी असायची, दुपारी जेवणानंतर मात्र दोनशेच्या वर. चौदा महिन्यांनी मी 15 मिलिग्रॅमवर आले होते, म्हणजे पाचच्या तीन गोळ्या. पुढं काय, असं विचारलं की डॉक्टर म्हणायचे, "हळूहळू." त्या 'हळूहळू'ला मी कंटाळले होते.

अशात शाळेतल्या एका मैत्रिणीनं तिच्या नणंदेच्या ओळखीतून एका बाईंकडे नेलं. सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत. सांगलीतच, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी बैठक असायची. मॅडमनी त्या दिवशी जे सांगितलं, त्यातलं बहुतेक खरं होतं. स्टेरॉइड हाडांतलं कॅल्शियम घालवतं, खरं. मिठानं अंगात पाणी साठतं, पापड-लोणचं कमी करा, खरं. दूध, नाचणी, तीळ खा, खरं. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, बाहेरून स्टेरॉइड घेतलं की त्या आपलं काम थांबवून झोपी जातात, हेही खरं. डॉक्टरांनी मला हे इतक्या निवांतपणे कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या दाराशी चाळीस पेशंट, मॅडमपुढे आम्ही अकरा बायका.

मग आलं, "आमचं चूर्ण त्या ग्रंथींना जागं करतं."

तीन महिन्यांचा कोर्स, 21,000 रुपये. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा कोमट पाण्यातून, सोबत आहाराचा छापील तक्ता. दर तीन दिवसांनी प्रेडनिसोलोनची एक गोळी सोडायची, दहा दिवसांत सगळ्या बंद. कॅल्शियमच्या गोळ्या आणि हाडांसाठी दर रविवारी उपाशीपोटी घ्यायची गोळीसुद्धा बंद, कारण "चूर्णात सगळं आहे". डॉक्टरांना एवढ्यात सांगू नका, ते घाबरवतात. पावती मागितली तर म्हणाल्या, "अहो ताई, आपण घरचीच माणसं." पैसे फोनवरून गेले, तेही कुठल्याशा पुरुषाच्या नावावर. पाकिटावर मॅडमचा हसरा फोटो होता. परवाना क्रमांक, बॅच, घटक, तारीख यातलं काही नव्हतं. मी मुलांना अर्जातली एक रिकामी जागा सोडू देत नाही, आणि इथे अख्खं पाकीट कोरं असून मला काही वाटलं नाही.

आणि गुण आला हो! हीच तर गंमत. गोळ्या बंद झाल्या तरी फोड परतले नाहीत, सांधे मोकळे, अंगात उत्साह. मी दोघींना चूर्ण घ्यायला लावलं. त्यातल्या एक त्याच 'बाळसं'वाल्या काकू, त्यांना संधिवाताची तक्रार होती.

काही गोष्टी खटकायला हव्या होत्या. चेहरा उतरला नव्हता. रात्रीची भूक तशीच होती. दंडावरचे डाग वाढले होते. आणि आता उपाशीपोटीची साखरही 140 यायला लागली. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, शरीरातलं जुनं स्टेरॉइड बाहेर पडतंय. मला ते पटलं, कारण ते मला पटवून घ्यायचं होतं.

तीन महिन्यांनी मॅडमनी पुढच्या कोर्सचे 24,000 सांगितले. आता मी बरीच झाले आहे, मग कशाला, असा विचार करून मी चूर्ण बंद केलं. पाचव्या दिवशी भाचीच्या साखरपुड्यात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. अन्नाच्या वासानं मळमळ, मग उलट्या. यजमान म्हणाले ऊन लागलं असेल. संध्याकाळपर्यंत मला माझी चप्पल घालता येईना. मिरजेला एका रुग्णालयात नेलं तेव्हा रक्तदाब 80/50, साखर 58 आणि सोडियम 124, सगळंच फार कमी.

तिथला डॉक्टर पोरगेलासा, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. स्टेरॉइड कोणतं घेता, त्यानं विचारलं. तीन महिन्यांपासून बंद आहे, मी सांगितलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग दंडाकडे. "बाई, तीन महिने बंद, मग हा चेहरा कसा? आणि फोड का नाही आले?" रक्त तपासणीला काढून त्यानं लगेच शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड 100 मिलिग्रॅम दिलं, सलाईन लावलं. काही तासांत मी चहा मागितला. रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे त्या ग्रंथी स्वतः बनवतात ते स्टेरॉइड, नावापुरतं निघालं. झोपलेल्या ग्रंथी झोपलेल्याच होत्या, आणि बाहेरचा पुरवठा मी एका दिवसात तोडला होता.

उरलंसुरलं चूर्ण मुलानं खासगी प्रयोगशाळेत तपासून आणलं. त्यात डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडच निघालं, एका चमच्यात साधारण दीड मिलिग्रॅम. डॉक्टरांनी हिशेब समजावला. पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. दिवसाचे दोन चमचे म्हणजे 20. जे 15 मिलिग्रॅम सोडवायला मी 21,000 मोजले, त्यापेक्षा जास्त स्टेरॉइड मी कोमट पाण्यातून पीत होते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, मणक्याचा टी-स्कोर उणे 2.6. उणे अडीच किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. सगळं खापर चूर्णावर फोडता येणार नाही, पण हाडांची औषधं मी त्याच महिन्यांत बंद ठेवली होती.

आता पुन्हा प्रेडनिसोलोन, सकाळी नाश्त्यानंतर, आणि पुन्हा 'हळूहळू'. रविवारची गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसते. आहारही बदलला आहे, त्यात खोटं काही नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गरज हजार-बाराशेची, म्हणून दूध-दही आणि डॉक्टरांनी लिहिलेली गोळी. जेष्ठमधाचा काढा मात्र मी बंद केला; त्यानं रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि स्टेरॉइडही तेच करतं. पर्समध्ये चिठ्ठी असते: मी स्टेरॉइडवर आहे, अचानक बंद करू नये.

तक्रार केली आहे, अन्न व औषध प्रशासनाकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही. पावती नसली तरी फोनवरच्या व्यवहाराची नोंद आहे आणि मॅडमचे आवाजी निरोप मी पुसले नव्हते. शनिवारच्या बैठका बंद झाल्यात. मॅडमचा फोन लागत नाही.

रुग्णालयातून घरी आले आणि पहिल्यांदा काकूंच्या दारात गेले. रागानं त्या चूर्ण मोरीत ओतायला निघाल्या. मला त्यांचा हात धरावा लागला. "काकू, टाकू नका. आज संध्याकाळचा चमचा घ्या, उद्या सकाळी पाकीट घेऊन आपण डॉक्टरांकडे जाऊ. एकदम बंद केलंत तर माझ्यासारखं होईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की या बाईनंच घ्यायला लावलं आणि आता हीच बंद करू देत नाही. मग स्टीलच्या डब्यात पाकीट ठेवून झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"