आठ महिने वॅक्स हीटर वापरल्यावर: तो लाल दिवा विझतच नाही

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या डाव्या हाताला, मनगटाच्या जरा वर, वॅक्सने भाजलं. रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला. हीटर आठ महिन्यांचा, वॉरंटी सहा महिन्यांची. हा अनुभव मी चिडूनच लिहायला घेतला आहे.

अंगावरचे केस काढायचं वॅक्स तापवायचा हा हीटर साधाच आहे. ६०० ग्रॅमचा डबा बसतो, बाजूला फिरवायचं बटण, त्यावर लो, मीडियम, हाय. किती अंश ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि समोर एकच लाल दिवा. चांगल्या हीटरमध्ये दोन दिवे असतात: एक वीज चालू असल्याचा, दुसरा गरम होत असल्याचा. वॅक्स हवं तितकं तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि दुसरा दिवा विझतो. माझ्या हीटरचा दिवा मात्र स्विच चालू असेपर्यंत जळतच राहतो. आत काय चाललंय ते बाहेर कळायची सोयच नाही. त्या दिवशी थर्मोस्टॅट आत चिकटून बसला होता, वीज तुटतच नव्हती. बटण मीडियमवर, दिवा नेहमीसारखा लाल, आणि डब्यातलं वॅक्स पाण्यासारखं पातळ. पातळ वॅक्स म्हणजे जास्त तापलेलं वॅक्स. नीट तापलेलं असेल तर ते मधासारखं संथ ओघळतं, हे मला माहीत होतं. तरी सात महिने काही झालं नाही म्हणून मनगटावर थेंब लावून बघायचं मी सोडलं होतं. ती चूक माझी. पण दोन रुपयांचा दुसरा दिवा असता तर ती चूक मला एवढी महागात पडली नसती.

६०अंशांचं पाणीसुद्धा पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजतं. पाणी निदान ओघळून जातं, वॅक्स तिथेच चिकटून बसतं. मी ते ओढून काढलं नाही, हे बरं केलं. भाजलेल्या जागेवर गार वाहतं पाणी वीस मिनिटं सोडायचं असतं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं आणि एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, म्हणून जाऊबाई माठातलं पाणी तांब्या-तांब्याने हातावर ओतत राहिल्या. उरलेलं वॅक्स डॉक्टरांनी काढलं.

मग कंपनीला फोन. पहिल्या बाईंनी सांगितलं, वॉरंटी संपली. दुसऱ्या दिवशी दुसरे म्हणाले, थर्मोस्टॅट झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत कधीच नव्हता. तिसऱ्याने बिघाडाचा व्हिडिओ मागितला, म्हणजे हीटर पुन्हा लावून वॅक्स उकळताना दाखवा! मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. पावती, फोडाचा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं जोडलं.

आता पैशांचं. पार्लरमध्ये पूर्ण हात, अर्धे पाय आणि काखा यांचे हनी वॅक्सचे ४५० रुपये. आठ महिन्यांचे ३,६०० झाले असते. घरी हीटर ८४९, तीन डबे ६६०, पट्ट्या २६०, एकूण १,७६९. वाचले १,८३१. त्यातून डॉक्टर आणि मलम यांचे ६०० गेले. तरी १,२३१ शिल्लक आहेत, म्हणून मी पार्लरकडे परत वळलेले नाही. दुसरंही कारण आहे. तिथे एकीच्या काखेला लावलेली लाकडी पट्टी पुन्हा त्याच डब्यात बुडताना मी स्वतः पाहिली आहे. जिथे जाल तिथे एवढं बघा: प्रत्येक वेळी नवी लाकडी पट्टी घेतात का. नसतील घेत तर उठून या, लाजू नका.

घरी करणाऱ्यांसाठी माझ्या चुकांमधून कळलेलं सांगते. केस तांदळाच्या दाण्याएवढा तरी वाढू द्या. घाई केली तर तो मुळासकट निघत नाही, मध्येच तुटतो आणि कातडीखाली वळतो. माझ्या पोटऱ्यांवर दुसऱ्या महिन्यात असेच लाल पुरळ उठले होते. वॅक्स केसांच्या दिशेने लावायचं, त्यावर दाबलेली पट्टी उलट्या दिशेने ओढायची, पण वर उचलायची नाही, कातडीला लागून झटकन. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. काखेत केस दोन-तीन दिशांनी वाढतात, तिथे छोटे छोटे भाग घ्या. उन्हाळ्यात घामाने वॅक्स धरत नाही, आधी पुसून हलकी पावडर लावा. नंतर दिवसभर कडक पाण्याची अंघोळ, ऊन, डिओडरंट आणि घट्ट कपडे टाळा. पहिल्या वेळी दहा दिवसांतच केस दिसले तर निराश होऊ नका. सगळे केस एकाच वेळी वर आलेले नसतात, मागे राहिलेले नंतर उगवतात.

एक गोष्ट मात्र फार गंभीर आहे. माझ्या नणंदेने वरच्या ओठाचं वॅक्स केलं आणि केसांबरोबर कातडीही निघाली. ती मुरुमांसाठी रात्री रेटिनॉइडचं क्रीम लावत होती, त्याने कातडी नाजूक होते. पार्लरवाल्या ताईंनी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. असं क्रीम चालू असेल तर किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग नकोच, गोळ्या बंद झाल्यावरही सहा महिने नको. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पायावरच्या शिरा फुगलेल्या असतील, तरी आधी डॉक्टरांशी बोला.

इथपर्यंत दहा दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं. आता मत थोडं बदललं आहे.

हात बरा होईपर्यंत हीटर नको म्हणून आईने साखरेचं वॅक्स करायला सांगितलं. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर मधाच्या रंगाचा पाक. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून मऊ गोळी वळली की उतरवायचा. लाडवाचा पाक ज्याला जमतो त्याला हे जमतंच. लिंबू कमी पडलं तर पाक साखरतो, माझा पहिला साखरलाच. हा पाक वॅक्सपेक्षाही वाईट भाजतो, म्हणून कोमट होईपर्यंत हात लावायचा नाही. पट्ट्या जुन्या सुती साडीच्या केल्या, कारण पाक पाण्याने धुऊन निघतो आणि त्याच पट्ट्या पुन्हा वापरता येतात. उजवा हात आणि दोन्ही पाय मिळून साखर-लिंबाचे चाळीस रुपये लागले. काखेत मात्र जमलं नाही, तिथले जाड केस अर्धेच निघाले. तिथे मला गरम वॅक्सच लागणार.

तक्रारीनंतर नवव्या दिवशी कंपनीचा फोन आला आणि काल नवा हीटर घरी आला. फुकट, वॉरंटी नव्याने सहा महिने. याचं मला खरंच समाधान वाटलं, तक्रार करा असं सगळ्यांना सांगेन. पण खोका उघडला तर समोर तोच एकुलता एक लाल दिवा. मी रिकामाच लावून अर्धा मिनिट बघितलं, बटण लोवर आणलं, हायवर नेलं, दिवा जसाच्या तसा. कंपनीला लगेच लिहिलं की दुसरा दिवा बसवा, पन्नास रुपये जास्त घ्या. उत्तर येईपर्यंत काखेसाठी हा हीटर लावेन, पण प्रत्येक वेळी आधी मनगटावर थेंब.